अकरावा मुखवटा

मित्रांनो, आत्ताच घरी आलो. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी बालाघाटात अकरावीच्या पोरांले नाट्यकला शिकवतो. आज दहा पोरांनी जोडीजोडीनं एकमेकांच्या चेहऱ्याले तेल लावून प्लास्टरच्या पट्ट्यांचे मुखवटे बनवले. मी पूर्ण वेळ उभा राहून पट्ट्या कापून देत होतो.

दुपारी वाळलेले मुखवटे मोजले त अकरा निघाले.

"हा कोणाचा?"

लामता गावची एक पोरगी म्हणे, "सर, तुमचाच. तुम्ही खुर्चीवर डोळे मिटून बसले होते ना. आधा घंटा हालले नाही."

बाकीच्यांनीही हौ म्हटलं. कोणीच हासलं नाही.

घरी बायकोनं माझ्या कानामागून वाळलेलं प्लास्टर काढलं.

मी खुर्चीवर होतो, त पट्ट्या कोण कापून देऊन राह्यलं होतं?