मावशींच्या हातचं द्रावण

एकतीस वर्षं मावशींनी त्या प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्या धुतल्या आणि द्रावणं करून फडताळात लावली. त्यांच्या हातच्या द्रावणाला कधी बुरशी धरली नाही. धरेल कशी? प्रयोगशाळेच्या आधीच्या प्रमुख बाईंनी शिकवल्यापासून त्या प्रत्येक बाटलीत ॲझाइड नावाची विषारी पूड कणभर, मोजून घालत. लेबलावर ते कधी लिहिलं नाही. कुणी विचारलंही नाही.

यंदा एक संशोधक पोरगी आली. जिवाणू पोटात प्रथिनं बनवतात आणि आवरणातल्या बारीक दारातून बाहेर सोडतात, हा तिच्या अभ्यासाचा विषय. पण तीन महिने तिची प्रथिनं आतच अडकून बसली होती. महिनाअखेर जमलं नाही तर विषय बंद, असं साहेबांनी सकाळीच ऐकवलं. दुपारी तिने जिवाणूंच्या बशांचा ट्रे मावशींपुढे ठेवला.

"मावशी, हे सगळे वाफेत मारून टाका. बिघडलेले आहेत मेले."

"काय झालं गं त्यांना?"

"दार आहे, माल आहे, पण मागून रेटा देणारा गडी हलतच नाही. त्याला थोपवणारं एकच विष मला ठाऊक आहे, ॲझाइड. ते तर मी इथे आणलेलंसुद्धा नाही."

मावशींचे हात साबणातच राहिले. निवृत्तीला पाच महिने उरले होते. गप्प बसून उद्यापासून पूड घालायची नाही, कुणाला पत्ता लागणार होता? पण ट्रे समोर होता, आणि त्यातले बिचारे निर्दोष होते. त्यांनी मनात देवाचं नाव घेतलं.

"पोरी, मारू नकोस त्यांना. तू त्यांना ज्यात धुतेस ना, त्यात ते विष मीच घालते."

पोरगी स्टुलावर बसली. "तीन महिने, मावशी," एवढंच म्हणाली.

साहेबांकडे मावशी स्वतःच गेल्या. बोलणी खाल्ली, मान खाली घालून. परत येऊन हात पुसले आणि नवं द्रावण करायला तराजू पुढे ओढला. पोरगी वही घेऊन शेजारी उभी राहिली. इतक्या वर्षांत त्यांच्यावर अशी नजर कुणी ठेवली नव्हती. ते लागलं त्यांना. ती पूड सोडून एकेक वस्तू, नाव मोठ्याने घेत घातली, पोरगी लिहीत गेली.

शुक्रवारी प्रथिनं बाहेर आली.