घड्याळजींच्या गोष्टीतलं एक वाक्य

टायपिंगवाल्या बाईंना सगळे ‘दुरुस्तीबाई’ म्हणत आणि बाईंना ते कौतुक वाटे. कोर्टासमोरच्या गाळ्यात तीस वर्षं त्या लोकांचे अर्ज आणि राजीनामे टाइप करत होत्या. कागद हातात आला की न विचारता तो ‘नीट’ करून द्यायचा, ही त्यांची खोड. एका कारकुनाचा रागारागाने लिहिलेला राजीनामा त्यांनी इतका गोड केला होता, की साहेबांनी रजेचा अर्ज समजून तो मंजूर केला. हा किस्सा त्या स्वतःच रंगवून सांगत.

एकदा समोरच्या दुकानातले घड्याळजी अकरा पानांची गोष्ट घेऊन आले. “अक्षर थरथरतं हो. बहिणीला वाचता यायचं नाही,” म्हणाले.

नऊ वर्षांपूर्वी त्यांनी धाकट्या बहिणीच्या ठरत आलेल्या लग्नात नाक खुपसलं होतं. मुलाच्या ऑफिसात जाऊन नको त्या चौकशा केल्या आणि लग्न मोडलं. तेव्हापासून ती बोलत नव्हती. माफी मागायला तोंड उघडेना, म्हणून त्यांनी गोष्ट लिहिली. गोष्टीतला भाऊ बहिणीच्या घरचं दहा मिनिटं पुढे असलेलं घड्याळ परस्पर बरोबर लावतो. तिने ते मुद्दाम पुढे ठेवलेलं असतं. तिची बस चुकते, हातची नोकरी जाते, बोलणं तुटतं. शेवटी तो पुन्हा तिच्याकडे जातो. घड्याळ दहा मिनिटं पुढेच असतं. तो ते बघतो आणि हात मांडीवर ठेवून बसून राहतो. संपली गोष्ट.

बाईंना ते अर्धवट वाटलं. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस चुकीचं घड्याळ तसंच सोडेल होय? त्यांनी एक वाक्य जोडलं: ‘मग तो उठला आणि त्याने घड्याळ बरोबर लावलं.’ घड्याळजींनी विश्वासाने, न वाचताच पाकीट पोस्टात टाकलं.

पंधरा दिवसांनी पानं परत आली. शेवटच्या वाक्याखाली रेघ होती आणि शेजारी बहिणीने लिहिलं होतं, ‘दादा, तू होतास तसाच आहेस.’

घड्याळजी ते पान घेऊन बाईंसमोर येऊन बसले. “हे लिहिल्याचं मला आठवतही नाही, ताई. सवयीने उतरलं असणार. ती म्हणते ते खरंच आहे.”

बाईंनी आपलं वाक्य ओळखलं. गप्प राहिलं तर कुणालाच कळणार नव्हतं. मूळ कागद त्यांच्याच खणात होते आणि हा माणूस सगळा दोष स्वतःकडे घेऊन निघाला होता. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की मान वर होईना. त्यांनी खण उघडला आणि अकरावं पान पुढे सरकवलं. “ते वाक्य तुमचं नाही. मी घातलं.”

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून पान दोनदा वाचलं. ते ओरडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

“मी पत्र लिहिते त्यांना. सगळं समजावून सांगते,” बाई घाईघाईने म्हणाल्या.

“नको, ताई,” ते म्हणाले. “एक पाकीट तेवढं द्या.”

त्यांनी हाताने लिहिलेली पानं पाकिटात घातली आणि पत्ता लिहायला घेतला. हात थरथरत होता, ओळ खाली घसरत होती, गावाचं नाव कडेला कोंबावं लागलं. बाईंची बोटं शिवशिवली. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पत्ता लिहून होईपर्यंत तशाच बसून राहिल्या.