इंजिनामागची क्लिप

माझं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. दिवसभर पाईप कापायचे, जोडायचे, क्लिपा आवळायच्या आणि लोकांच्या शेतातली गळती काढायची, हा माझा धंदा. त्यामुळे आमच्या जुन्या गाडीखाली हिरवट पाण्याचं थारोळं दिसायला लागलं आणि गॅरेजवाला म्हणाला, "इंजिनामागचा पाण्याचा पाईप गेलाय, दोन दिवस गाडी सोडून जा," तेव्हा मला हसूच आलं. वीतभर रबरी पाईप आणि त्याच्या दोन टोकांना दोन क्लिपा. पाईप म्हणजे आपला प्रांत. मी नवा पाईप विकत घेऊन घरी आलो.

गाडी दोन दिवस सोडून येणं शक्यही नव्हतं. बायकोला नववा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिचं माहेर अकोले तालुक्यात, पार डोंगरात. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी तिकडं जायला साफ मनाई केली होती. रक्तदाब वाढलेला, हातापायांवर सूज. पाणी गेलं किंवा डोकं दुखायला लागलं तर घरी एक मिनिट थांबायचं नाही, असं त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. आमची वस्ती घोडेगावपासून आत, उसाच्या रानात. दारातली गाडी हाच आमचा भरवसा होता, आणि तो भरवसा पक्का असावा म्हणून मी त्या दिवशी सकाळी तो माझ्या हातानं खोलला.

मोबाईलवर एक व्हिडिओ बघून ठेवला होता. त्यातला माणूस हसत हसत पाईप बदलत होता, कारण त्याच्या इंजिनाच्या आजूबाजूला खाट टाकून झोपता येईल एवढी जागा होती. आमच्या गाडीत इंजिन बसवलेलं नाही, कोंबलेलं आहे. इंजिन आणि मागचा पत्रा यांच्यामधल्या फटीत माझी चार बोटं जायची, अंगठा बाहेरच राहायचा. अंगठ्याशिवाय माणसाला काय काय करता येत नाही, ते मला त्या सकाळी समजलं. जुना पाईप निघेना म्हणून मी तो चाकूनं कापून काढला. तो कापला तेव्हाच माघारी फिरायची वाट बंद झाली होती, पण ते लक्षात यायला मला वेळ लागला.

नवा पाईप वरच्या टोकाला नीट बसला. खालच्या टोकालाही मी तो कसाबसा ढकलला. पण तिथली क्लिप सरकवताना फिरली आणि तिचा स्क्रू पत्र्याकडे तोंड करून बसला. आता तो दिसेना, आणि स्क्रूड्रायव्हर पोचायचा तर प्रश्नच नव्हता. क्लिप नुसती अर्धी फिरवायची होती. माझ्या दुकानात हे काम मी दिवसातून कितीतरी वेळा गिऱ्हाइकाशी गप्पा मारत करतो. इथं मी वरून हात घातला, बाजूनं घातला, गाडीखाली उताणा झोपून खालून घातला. मनगटाची सालटं निघाली. एक पाना आत पडला तो खाली जमिनीवर आलाच नाही. इंजिनात पडलेली वस्तू जमिनीवर येत नाही, हा निसर्गाचा नियमच असावा. पाणी भरून पाहिलं तर जेवढं ओतलं तेवढं खालून वाहून गेलं.

बायको चहा घेऊन आली. माझा अवतार बघून म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा. आज घोडेगावचा बाजारच हाय, बैल घेऊन जा तिकडं."

मी तिच्यावर ओरडलो. तिनं ते मनावर घेतलं नाही. कप बोनेटच्या कडेला ठेवला आणि म्हणाली, "माझा हात बारीक हाय. मी घालून बघू का?"

तिचा हात बारीक होता खरा, पण लग्नात. आता बोटं फुगून आली होती आणि मनगटात सातव्या महिन्यात भरलेला हिरवा चुडा रुतून बसला होता. तरी ती बांगड्या मागे सारायला लागली. तेवढ्यात ओसरीवर शेंगा फोडत बसलेली आई तिथूनच बोलली, "चुडा उतरायचा न्हाई. लेकरू हुईस्तोवर हात रिकामा करायचा न्हाई." बांगड्या तशाही निघत नव्हत्या. बायको आत गेली आणि मी पुन्हा त्या फटीत हात घातला.

थोड्याच वेळात तिची हाक आली. आवाजावरून मला कळलं. मी धावत गेलो तर ती भिंतीला धरून उभी होती आणि खाली फरशी ओली झाली होती.

"पाणी गेलंय," ती म्हणाली. "आणि डोकं लई दुखतंय ओ. डोळ्यांपुढं अंधारी येतीय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेजारच्या वस्तीवरच्या पिकअपवाल्याला फोन लावला, तो गाई घेऊन बाजारात. दुसऱ्याला लावला, तोही बाजारात. आमच्याकडं बाजाराच्या दिवशी चार चाकांचं काहीच घरी नसतं. ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन नगरला गेली होती, यायला तासाच्या वर लागेल म्हणाले. मोटारसायकल होती, पण डोळ्यांपुढं अंधारी येणाऱ्या बाईला तिच्यावर कसं बसवणार? मी पुन्हा गाडीपाशी आलो आणि आंधळ्यासारखा हात आत खुपसला. बोटाच्या टोकाला क्लिप लागत होती. नुसती लागत होती. आतून बायकोचं कण्हणं ऐकू येत होतं, आणि मला एकच दिसत होतं, की चालती गाडी मी माझ्या हातानं मोडून ठेवली आहे आणि आता ही माझ्या दारात मरणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी इंजिनावर मूठ आपटली. मग तिथंच बोनेटखाली डोकं घालून रडलो.

"सर बाजूला," आई म्हणाली.

ती कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नव्हतं. मी म्हणालो, "आई, तुला काय कळणार यातलं?"

"कळत न्हाईच. तू सांग, काय करायचं ते."

तिनं बाही वर सारली. तिचा हात मी त्या दिवशी नीट पाहिला. उसाच्या पाचटासारखा वाळलेला, अरुंद, आणि मनगटात काही नाही. वडील गेल्यापासून त्या हातात काचेचा तुकडा चढला नव्हता. ही गाडी घेतली तेव्हा पूजेला ती पुढं आली नव्हती, दसऱ्यालाही चाकाला हळद-कुंकू बायकोच लावायची आणि ही चुलीपाशी काहीतरी काम काढून बसायची. सुनेची ओटी भरली तेव्हाही दाराआडूनच बघत होती. मी कितीदा बोलावलं, भांडलो, पण शुभाच्या कामाला आपला हात लागू द्यायचा नाही, हा तिचा तिनंच घालून घेतलेला नियम होता. तो हात आता लोणच्याच्या बरणीत जावा तसा त्या फटीत गेला, कोपरापर्यंत, अंगठ्यासकट.

"खाली डावीकडं पाईप लागंल," मी सांगितलं. "त्याच्यावर पत्र्याची पट्टी हाय."

"हाय. लागली."

"पट्टीवर एक गाठ हाय बघ, लोखंडाची. ती वर आण. पट्टी फिरव, पाईप फिरवू नको."

तिनं डोळे मिटून घेतले. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. आतून बायको ओरडली तशी ती क्षणभर थांबली, मग पुन्हा बोटं हलायला लागली. आणि फटीतून खाली बघताना मला स्क्रूचं डोकं दिसलं, हळूहळू वर येणारं.

"तिथंच धर. हलू नको."

मी लांब स्क्रूड्रायव्हर वरून सोडला. टोक स्क्रूवर बसवायला तिचीच बोटं लागली. आवळायला लागलो तसा तो दोनदा निसटला. दोन्ही वेळा तिचा हात थरथरला, पण तिनं क्लिप सोडली नाही आणि तोंडातून आवाजही काढला नाही. पाणी भरलं. खाली बघितलं. एक थेंब नव्हता.

नगरच्या रस्त्यावर बाजाराची गर्दी होती. जनावरांनी भरलेले टेम्पो, मधेच दोरी तोडून पळणारी वासरं. एक डोळा रस्त्यावर आणि एक गाडी गरम झाल्याचं सांगणाऱ्या काट्यावर ठेवून मी हॉर्न दाबत होतो. मागच्या सीटवर बायकोचं डोकं आईच्या मांडीवर होतं. आई तिच्याशी सारखी बोलत होती, काय बोलत होती ते मला आठवत नाही. काटा वर चढला नाही. हॉस्पिटलात शिरल्या शिरल्या तिला आत नेलं, सही घेतली आणि दार लावलं.

त्या दाराबाहेर बसल्यावर मला आईचा हात दिसला. ती तो पदराखाली घेऊन बसली होती. मी ओढून बाहेर काढला. बोटांवर काळं ग्रीस आणि अंगठ्याच्या मुळाशी स्क्रूड्रायव्हर घुसलेली खोल जखम, रक्त वाळून तेही काळं पडलेलं. "बोलली का नाहीस?" मी विचारलं. "तू थांबला असतास," ती म्हणाली. मी तिला नळावर नेलं, जखम धुतली, पट्टी बांधून आणली. साबणानं घासघासूनही बोटांवरचा काळेपणा गेला नाही.

दार उघडलं. नर्स दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली. "मुलगी आहे. आई ठीक आहे, रक्तदाब उतरतोय. धरा कुणीतरी."

आई दोन पावलं मागं सरकली. मला म्हणाली, "तू घे. न्हाईतर आत कुणी सवाष्ण बाई असंल तिला घिऊ दे आधी."

नर्सला घाई होती. "आजी, धरा हो पटकन, मला आत जायचंय," असं म्हणून तिनं बाळ सरळ आईच्या हातांवर ठेवलं आणि ती निघून गेली.

आईनं बाळ कोपरांवर तोललं. बोटं वर उचलून धरली होती, दुपट्याला कुठं लागू नयेत अशी. ती बाळाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"चालंल ना रे?" तिनं विचारलं.

ती ग्रीसबद्दल विचारत नव्हती. मी म्हणालो, "चालतं, आई." तिची बोटं हलेनात. मग मीच ती एकेक करून खाली घेतली आणि बाळाच्या अंगावर टेकवली.