पाण्याखालची चौकट

ईरा आणि कबीर,

रविवारी सकाळी मी मुलुंडहून निघाले तेव्हा पिशवीत पाण्याच्या बाटल्या, दोन टोप्या, चटणीची सँडविचं आणि माझे जुने कॅनव्हासचे बूट होते. सोबत तिसऱ्या मजल्यावरची तन्वी होती. आणि मनात, ईरा, तुझा प्रश्न होता. मागच्या फोनवर तू विचारलंस, "सुट्टीत तिथे येऊन मी शिकणार काय? तुमच्याकडे शाळेबाहेर क्लासच असतात ना?" मला ते झोंबलं. अर्धं खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं.

तेव्हापासून मी एकेक रविवार ठरवून हिंडते आहे. बोरिवलीच्या जंगलात पक्ष्यांची नोंद करणाऱ्या मुलांबरोबर चालले. घाटकोपरला एका शाळेच्या गच्चीवर नववीतली पोरं स्वतःच्या दुर्बिणीसाठी काच घासत होती, ती पाहिली. यातलं बरंचसं फुकट आहे आणि बऱ्याच घरांना त्याचा पत्ताच नाही.

तन्वीने नुकतीच नववीची परीक्षा दिली आहे. मढच्या खडकांवर शाळकरी मुलं वर्षभर समुद्री जीवांच्या नोंदी ठेवतात, त्यांच्यात तिला जायचं होतं. पण तिच्या बाबांनी, महेशने, दहावीच्या व्हेकेशन बॅचला तिचं नाव घातलेलं, आणि त्या बॅचच्या टेस्ट नेमक्या रविवारी. महेश वीज कंपनीसाठी घरोघर मीटरचं रीडिंग घेतो. मोजकं बोलतो.

"एक रविवार जाऊन ये," तो तिला म्हणाला. "काय बघितलंस ते संध्याकाळी मला सांग. त्यात दम वाटला तर जा पुढे, नाहीतर क्लास." मग माझ्याकडे वळून, "काकू, तुम्ही आहात म्हणून हो म्हणतोय हां."

रिक्षाने घाटकोपर, तिथून मेट्रोने थेट वर्सोवा. मेट्रो अंधेरीच्या गच्च्यांवरून जात होती, पण तन्वीचं खिडकीकडे लक्षच नव्हतं. ती फोनवर खेकड्यांची चित्रं पाहत होती. पुढे रिक्षाने जेट्टीवर गेलो. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात बांबूंच्या परांच्यांवर (त्यांना वलांड म्हणतात) बोंबील वाळत होते. जेट्टीवरच्या टपरीवर चहा घेतला आणि खाडी ओलांडणाऱ्या बोटीत चढलो. बोटीत माणसांइतक्याच मोटरसायकली होत्या. खाडीच्या मध्यावर वारा आला आणि माझी टोपी पाण्यात गेली.

"आजी, उडी मारू?" तन्वी.

"गप बस."

समोर टोपली घेऊन बसलेली कोळीण खदखदून हसली. "कुठं चाललाव, आजी?"

"मढच्या खडकांवर. मुलं तिथले जीव मोजणार आहेत."

"आज? आज भांग हाय. पानी वाईच मागं सरंल. खडप सगला उघरनार नाय."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचा काळ. तेव्हा भरती-ओहोटी दोन्ही मंदावतात. खडप म्हणजे खडकाळ किनारा. तन्वी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, आलो आहोत तर जाऊ.

खडकांवर पंधरा-वीस मुलं जमली होती. त्यांची ताई समुद्री जीवशास्त्र शिकते. उन्हाने रापलेली, आवाज भाजीवालीसारखा खणखणीत. भांगाचं विचारलं तर म्हणाली, "माहीत आहे हो. गेल्या रविवारी पौर्णिमेचं उधाण होतं, पाणी लांबवर गेलं असतं. पण ह्यांचे पेपर होते. समुद्र काही पेपर बघून मागे जात नाही."

काम सोपं होतं. किनाऱ्यापासून पाण्याकडे खडकांवर रंगाचे ठिपके ठरलेले. प्रत्येक ठिपक्यावर प्लास्टिकच्या पाइपची चौकट ठेवायची, आत जे दिसेल ते मोजून लिहायचं. दर वेळी त्याच जागा. चिठ्ठ्या टाकल्या आणि तन्वीला सगळ्यांत खालची जागा मिळाली. तिथे मागच्या वेळी गुलाबी समुद्रफुलं होती. ताईने फोटो दाखवला.

"झकास!" तन्वी ओरडली.

बाकीच्यांनी चौकटी मांडल्या. कोणाला खडकाला चिकटलेली कवचं सापडली, कोणाला शंखात राहणारा खेकडा. तन्वी पाण्याच्या कडेशी उभी राहून पाणी मागे जायची वाट पाहत होती. ऊन चढलं. पाणी थोडं सरलं, थांबलं आणि पुन्हा वर यायला लागलं. तिची जागा गढूळ पाण्याखालीच राहिली.

"वाट लागली, आजी," ती म्हणाली आणि पाठ करून बसली. थोड्या वेळाने पाहिलं तर तिच्या कागदावर सुरेख अक्षरात भरलेलं होतं: समुद्रफुलं, खेकडे, शंख. ताईनेही ते पाहिलं.

"अक्षर छान आहे. हे दिसलं कुठे?"

"मागच्या वेळी होते ना. आता पण असतीलच."

"असतील. तू पाहिलेस?"

तन्वी लाल झाली. मागून एक मुलगा म्हणाला, "ताई, शाळेत सगळेच करतात. रीडिंग नाही आलं की मागच्या वर्षीच्या पोरांच्या जर्नलमधून उतरवायचं." सगळे हसले. तन्वी हसली नाही.

"मग काय लिहू? शून्य?"

"शून्य म्हणजे नीट पाहिलं आणि नव्हतं. तू तर पाहिलंच नाहीस."

"ताई, आज काहीच दिसलं नाही असं सांगितलं तर बाबा मला परत नाही पाठवणार."

"ते माझ्या हातात नाही गं," एवढंच ताई म्हणाली आणि खोडरबर पुढे केलं. तन्वीने सगळं खोडलं आणि लिहिलं: "पाण्याखाली. पाहता आलं नाही."

परतताना बोटीत ती पाण्याकडेच बघत बसली. सँडविच हातातच राहिलं. मला तिचे रविवार जाताना दिसत होते, आणि ते मला पटत नव्हतं. मी म्हटलं, "अगं, तो शंखातला खेकडा तू पाहिलास ना? मग तोच सांग की बाबांना. खोटं थोडंच आहे?"

"तो माझ्या चौकटीतला नव्हता, आजी."

मी सँडविच परत पिशवीत ठेवलं.

महेश इमारतीच्या दारातच उभा होता. "मग? काय बघितलंस?"

"माझी जागा पाण्याखाली होती, बाबा. तिथलं काहीच बघता आलं नाही."

मी पिशवी जमिनीवर टेकवली.

"मग कागदावर काय लिहिलंस?"

"पाण्याखाली, पाहता आलं नाही, असंच."

"अंदाजे नाही टाकलंस काही?"

"टाकलं होतं. मग खोडलं."

महेश आधी माझ्याकडे पाहत राहिला, मग लेकीकडे. "काकू, बंद घराचं रीडिंग अंदाजाने टाकणारे आमच्याकडे रग्गड आहेत. बिल आलं की लोक माझ्या नावाने बोंब मारतात." मग तन्वीला म्हणाला, "घर बंद असलं तर परत जावं लागतं. तुझी जागा कधी उघडतेय?"

"पुढच्या रविवारी. अमावास्या आहे. पण पार सकाळी, उजाडताना. आणि क्लासची टेस्ट..."

"क्लासवाल्याशी मी बोलतो. तू सकाळी उठायचं बघ. मला हाका मारायला लावू नकोस."

ती जिन्यातून वर धावली ती बहुधा गजर लावायलाच.

तर ईरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. शाळेबाहेर इथे काय आहे याची माझी यादी लांब आहे, आणि ती मी वाढवत राहणार आहे. पण त्या यादीतलं एकही ठिकाण तुला दर वेळी काही दाखवेलच असं नाही. काही वेळा नुसतं जायचं, जे झालं ते लिहायचं आणि पुन्हा जायचं. तन्वी हे एका रविवारात शिकली. तिच्याबरोबर मीही शिकले, हे कबीरला सांग, तो हसेल.

तेव्हा आईला म्हणावं, तिकिटं काढण्याआधी आजीला तिथी विचार. उधाणाचा एक तरी रविवार सुट्टीत आला पाहिजे. सगळ्यांत खालची जागा मात्र मागू नका. ती तन्वीची आहे.

येत्या रविवारी आम्ही पहिली मेट्रो पकडतो आहोत. नवी टोपी घेतली आहे, आणि तिला हनुवटीखाली बांधायची दोरी आहे.

तुमची,
आजी