उकंडरावचा जुडगा

रिसोडच्या कॉलेजात उकंडराव अठ्ठावीस वर्षं रसायनाच्या प्रयोगशाळेच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवून हिंडला. जुडगा खुळखुळला की पोरं सिगारेटी विझवत. मागच्या जुलैत ज्योत्स्ना मॅडम विभागप्रमुख म्हणून नव्या आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांना उकंडराव बीकरमध्ये चहा उकळताना सापडला. जुडगा गेला. मग तो मुक्यासारखा चालू लागला. घरी बायको गोजराबाई विचारी, "तब्येत बरी हाय ना तुमची?"

परीक्षा तोंडावर आली, पण तीव्र सल्फ्युरिक अॅसिडची नवी बाटली आली नाही. मॅडमनी सौम्य अॅसिडच आटवायला काढलं. "काका, लक्ष ठेवा. पांढरा दाट धूर दिसला की बटन बंद. बाकी कशाला हात लावायचा नाही. नीट झालं तर जुडग्याचं बघू."

उकंडरावनं चष्मा, हातमोजे, एप्रन चढवला. धूर ओढणाऱ्या काचेच्या कपाटात भांडं मंद तापत होतं. उकळी उसळू नये म्हणून मॅडमनी त्यात काचेचे मणी टाकले. उकंडराव खूश झाला. "आमची बुढी बासुंदीत बशी टाकते, तसंच हे!"

मॅडम पलीकडच्या टेबलावर ब्युरेट लावत होत्या. पाणी निवांत उडत राहिलं. दुपार कलली, आणि पांढरा धूर दाटला.

नेमके तेव्हाच प्राचार्य उदयसिंग आले. बाहेरगावच्या परीक्षकांना पाणी द्यायला माणूस सापडेना, म्हणून भरला तांब्या घेऊन स्वतःच उकंडरावला शोधत होते. विषय इतिहास, आणि घरी पिढ्यान्‌पिढ्या म्हशी. धूर बघताच त्यांनी तांब्या उचलला.

"अरे उतू चाललं! शिपका मार पाण्याचा!"

खरं तर उकंडरावचाही हात तांब्याकडेच निघाला होता. जन्मभराची सवय. पण अर्ध्या वाटेत तो वळला, बटनावर पडला, आणि अख्खा उकंडराव प्राचार्यांच्या आडवा झाला.

"सरका सर! दूध उतलं तं चूल इझते. ह्याच्यात पानी पडलं तं आपुन दोघं भिंतीवरच्या फोटोत!"

"मी प्राचार्य आहे, उकंडराव!"

"म्हनूनच सांगून राह्यलो. हार मोठा घ्या लागन."

प्राचार्य तांब्या दाराबाहेर ठेवून उलट्या पावली गेले.

अॅसिड पार थंड झाल्यावर मॅडमनी ते तपासलं, मान डोलावली, आणि जुडगा पुढं केला. उकंडरावनं हात धुतले, वऱ्हांड्यात जाऊन तो तांब्या घटाघटा रिकामा केला.

परीक्षकांचं पाणी, चहा कधीच उरकलं होतं. तरी तो त्यांच्यासाठी नवा तांब्या भरून निघाला, लांबच्या जिन्यानं. तिकडं जुडगा जास्त वाजतो.