मडमेचे जोडे

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की आधी डोळ्यांपुढे येतात ते जोडे.

इंग्रजांचा अंमल होता. मी नागपुरात जमादार. शिक्षण चौथीचं, पण तपासात माझा हात धरणारा ठाण्यात कोणी नव्हता, हे मी आजही ठासून सांगतो.

वैशाखातली सकाळ. महालातल्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याचा गडी धापा टाकत ठाण्यात आला. "जमादारसाहेब, आमच्या घरून मडमीचे जोडे चोरीले गेले. मालक बोलावून राहिले."

मडम म्हणजे विशी-बाविशीची गोरी पोरगी. एकटीच जग पाहायला निघालेली, तेही बरंचसं पायी. ओळखीनं त्या घरी उतरली होती, आता जबलपूरची वाट धरणार होती. गोऱ्या माणसाची चोरी, म्हणून साहेबांचा हुकूम झाला: आजच्या आज माल हजर करा, नाहीतर आरोपी.

पोरगी ओसरीवर अनवाणी बसली होती, तोंड लालबुंद. मला पाहताच भांडायला उठली. "जूता लाओ! मैं आज जाती!"

मी पंचनामा केला. घड्याळ, दुर्बीण, पिशवी, सगळं जागेवर. गेले ते फक्त जोडे. घड्याळ सोडून जोडे नेणारा चोर मी पाहिला नव्हता. आमच्याकडे निघालेल्या पाहुण्याचे जोडे लपवतात, अजून एक दिवस राहावा म्हणून. मला तिथेच वास आला.

घरच्यांच्या जबान्या घेतल्या. ओसरी गडी झाडतो, म्हणून सगळ्यांचा संशय गड्यावर. व्यापाऱ्याची म्हातारी आई तेवढी कोणाचं नाव घेईना. ती पोरीसाठी कैरीचं पन्हं ढवळत होती. तिच्याकडे पाहत मी गड्याला मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "चाल गा ठाण्यात. तिथं आठवन तुले सगळं."

ढवळणं थांबलं. "त्याले काहून नेता जी? म्या लपवले."

"काहून वं माय?"

"मंग काय करू? रातभर कण्हली पोरगी, अंगात ताप हाय, अन् म्हणते चालत जातो! या उन्हात? हिची माय तिकडं वाट पाहून राहिली असन का नाही?"

"ठेवले कुठं?"

"देवघरात."

चामडं, आणि देवघरात! व्यापाऱ्यानं कपाळावर हात मारला.

"तिथं पोलीस शिरत नाही म्हणून," म्हातारी म्हणाली. "देवाले सांगतलं हाय म्या."

मी पोरीला मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं. ती आणखीच तापली. मला अडवणारी ही कोण, म्हणाली. तिनं फिर्याद धरून ठेवली असती तर म्हातारी कोर्टात उभी राहिली असती. म्हातारीनं जोडे आणून तिच्यापुढे ठेवले. "घे. मले कैद झाली तरी चालन, पण पन्हं पिऊन जाय."

पोरीनं जोडे घातले. नाडी बांधायला वाकली, तर तापानं गाठच बसेना. पुन्हा बांधून पाहिली. मग तशीच बसली, आणि पन्ह्याचा गडवा तोंडाला लावला.

मी अहवाल दिला: माल घरातच मिळाला, गुन्हा नाही. कुठे मिळाला, साहेबांनी विचारलं. देवापाशी, म्हटलं.

तेव्हापासून चोरीच्या जागी मी आधी पाहायचो, काय मागे राहिलं. आणि एक पक्कं कळलं, जगात एकट्या निघालेल्या पोरीला कोणी ना कोणी आडवं येतंच. कोण कशासाठी आडवं येतं, ते ओळखायला हवं.

ताप उतरल्यावर पोरगी गेली. मी ड्यूटी नसताना निरोपाला हजर होतो. म्हातारीनं स्वतःच्या हातानं जोडे आणून दिले. पोरीनं पाय घातला आणि दचकून काढला. आत कांदा! दुसऱ्यातही.

"जमादार, ये क्या?"

ऊन लागू नये म्हणून आम्ही कांदा जवळ ठेवतो, हे मला हिंदीत कुठून सांगता येणार?

"बंदोबस्त," मी म्हटलं.