मोहाखालची झाडलेली जमीन

मुलांनो, तुम्ही धाडलेली आफ्रिकन लेखकाची कादंबरी काल संपली. गोरे गेल्यावरही त्यातल्या गावाला जमीन परत मिळत नाही, हे वाचून सातपुड्याच्या पायथ्याशी मी पाहिलेली एक सकाळ आठवली, म्हणून आजच लिहिते. स्वातंत्र्याला थोडी वर्षं झाली होती. सागाच्या लागवडीसाठी मोहाची झाडं तोडायला जंगलखात्याच्या ठेकेदाराची माणसं आली. एका म्हातारीनं गळणारी फुलं वेचण्यासाठी आपल्या झाडाखालची जमीन झाडून ठेवली होती. वाळवून ठेवलेल्या त्या फुलांवर तिचं घर पावसाळा काढी. मुकादम म्हणाला, “झाड सरकारनं शे, माय, बाजूले व्हय.” ती म्हणाली, “इंग्रज ते ग्यात ना? मंग हाई कोनतं सरकार?” सगळे हसले आणि कुऱ्हाडी चालल्या. ती दिवसभर आडव्या फांद्यांवरची फुलं वेचत राहिली. पावसाळ्याआधी ते घर मजुरीला गुजरातेत गेलं, परतलं नाही. तिथे आज नुसता साग उभा आहे.